आधी आवाज, मग हात

स्वसंरक्षणाचा वर्ग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पांढरे कपडे, काळा पट्टा आणि एका फटक्यात फुटणारी कौले येतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा जयंतीच्या कार्यक्रमात अशी प्रात्यक्षिके आपण पाहिलेली असतात, टाळ्याही वाजवलेल्या असतात. पण मुलींना हे शिकवणाऱ्या एखाद्या शिक्षिकेला विचारून पाहा, पहिल्या दिवशी मुलींना सर्वांत अवघड काय जाते? ठोसा मारणे नव्हे, लाथ उचलणेही नव्हे. समोर उभ्या राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाहून मोठ्याने "नाही! मागे हो!" असे ओरडणे अवघड जाते. पोरी हसू लागतात, एक दुसरीच्या मागे लपते, आवाज घशातल्या घशात राहतो. एरवी नळावरच्या भांडणात चाळ डोक्यावर घेणारी बाईसुद्धा इथे ओशाळते.

यात नवल नाही. जन्मापासून आपण तिला काय शिकवतो? हळू बोल. खाली बघून चाल. कोणी काही बोलले तर ऐकले नाही असे कर. उलट उत्तर देऊ नकोस, तमाशा होईल. वीस वर्षे हे धडे घेतलेल्या मुलीच्या हाताला दोन तासांत डाव शिकवता येतो, पण तो डाव वापरायची परवानगी तिच्या मनाकडे नसते. आणि मनाची परवानगी नसेल तर हात उचलला जात नाही. म्हणून स्वसंरक्षणाच्या शिक्षणात मनाची तयारी हा जोडविषय नाही, तो पहिला विषय आहे.

ओळखीचा चेहरा

आपण लेकीबाळींना सांगतो, अनोळखी माणसापासून सावध राहा. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल वर्षानुवर्षे एकच गोष्ट सांगत आले आहेत. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत 90 टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी हा पीडितेच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, मित्र, लग्नाचे वचन देणारा, कामाच्या ठिकाणचा माणूस. अंधाऱ्या गल्लीतला गुंड हा सिनेमातला. प्रत्यक्षातला माणूस घरी चहा पिऊन गेलेला असतो.

अनोळखी माणसाने हात धरला तर मुलगी निदान दचकून ओढून तरी घेते. पण मुकादमाने, शिकवणीच्या सरांनी किंवा आईच्या चुलतभावाने खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला, तर? तिच्या मनात एकाच वेळी दहा विचार येतात. आपलाच तर गैरसमज नाही ना? ओरडले आणि तसे काही नसले तर? आईला काय वाटेल? यांनीच बाबांना कामाला लावले आहे. या विचारांत जी मिनिटे जातात त्यांचाच तो माणूस फायदा घेतो. बहुतेक वेळा तो एकदम झडपही घालत नाही. आधी थोडे करून बघतो. एखादा चावट शब्द, वाट अडवणे, "तू फार हुशार आहेस" म्हणत जवळ सरकणे. मुलगी गप्प राहिली की पुढची पायरी चढतो. म्हणजे खरा सामना हातघाईच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो, आणि तिथे लागते ते हत्यार म्हणजे स्वतःच्या मनावरचा विश्वास: मला हे आवडलेले नाही, एवढे कारण पुरेसे आहे.

हे केवळ आमचे मत नव्हे. कॅनडात मानसशास्त्राच्या प्राध्यापिका शार्लीन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या 893 विद्यार्थिनींवर एक मोठा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे मुलींचे दोन गट पाडले. एका गटाला नेहमीप्रमाणे माहितीपत्रके दिली. दुसऱ्या गटाला तीन-तीन तासांच्या चार बैठकांत प्रशिक्षण दिले, एकूण बारा तास. वर्षभराने पाहिले तर माहितीपत्रके मिळालेल्या गटात बलात्काराचे प्रमाण 9.8 टक्के होते, प्रशिक्षण घेतलेल्या गटात 5.2 टक्के. बलात्काराच्या प्रयत्नांचे प्रमाण तर 9.3 टक्क्यांवरून 3.4 टक्क्यांवर आले होते.

त्या बारा तासांत शिकवले काय? हे पाहण्यासारखे आहे. पहिल्या बैठकीत धोका ओळखणे, तोही ओळखीच्या माणसाकडून येणारा. दुसऱ्या बैठकीत मनातला अडसर ओळखणे, म्हणजे समोरचा माणूस आपला वाटतो म्हणून आपण त्याला का थांबवत नाही, याचा विचार. मग प्रत्यक्ष प्रतिकार, शब्दाने आणि अंगाने. हातापायांचे हे डाव त्यांनी वेन-डो या कॅनडातच स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालवलेल्या पद्धतीतून घेतले. शेवटच्या बैठकीत स्वतःच्या इच्छा-अनिच्छा स्वतः ठरवण्याविषयी मोकळी चर्चा. मार देणे हा चार भागांतला एक भाग, तोही मन मोकळे केल्यानंतरचा. आता कोणी म्हणेल, त्या परदेशातल्या कॉलेजच्या पोरी, आमच्या वस्तीतल्या मुलीचे जगणे वेगळे. खरेच आहे ते. आकडे जसेच्या तसे इथे लागू पडतील असे आम्ही म्हणत नाही. पण "मोठ्या माणसाला नाही कसे म्हणू" ही अडचण कॅनडातल्या मुलीची जेवढी, त्याहून आपल्या मुलीची मोठी आहे, एवढे तर कोणीही मान्य करील.

चार फूट अकरा इंचांच्या बाई

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या स्त्रियांना मतदानाचा हक्क नव्हता. त्या हक्कासाठी एमेलिन पँखर्स्ट यांच्या संघटनेतल्या बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा पोलिसांनी आणि बघ्यांच्या गर्दीने त्यांना मारले, फरफटवले. त्या काळी लंडनमध्ये एडिथ गॅरूड नावाच्या बाई जुजुत्सू ही जपानी कुस्ती शिकवत असत. जन्म 1872 चा, उंची चार फूट अकरा इंच. त्या आणि त्यांचे पती दोघे मिळून प्रात्यक्षिके दाखवायचे. रीत अशी की बोलायचे काम पतीचे, डाव करायचे काम एडिथबाईंचे. पँखर्स्टबाईंनी त्यांना एकदा आग्रह केला की आज बोलायचेही तुम्हीच, आणि त्या बोलल्या, असे सांगतात. आम्हाला हा प्रसंग त्यांच्या सगळ्या डावांहून मोठा वाटतो. अंगावर आलेल्या धिप्पाड माणसाला लोळवणारी बाईसुद्धा व्यासपीठावर तोंड उघडण्याआधी कोणीतरी "बोल" म्हणण्याची वाट पाहात होती.

1913 साली सरकारने कायदा केला की तुरुंगात उपोषण करणाऱ्या स्त्रियांना अशक्त झाल्यावर सोडायचे आणि जरा बऱ्या झाल्या की पुन्हा पकडायचे. लोक त्याला मांजर-उंदराचा कायदा म्हणू लागले. पुढाऱ्यांना पुन्हा पकडू देऊ नये म्हणून सुमारे तीस स्त्रियांचे अंगरक्षक दल उभे राहिले. त्यांना एडिथबाईंनी शिकवले. 9 मार्च 1914 रोजी ग्लासगो शहरात सभा होती. पँखर्स्टबाई बोलायला उभ्या राहताच पोलीस मंचाकडे धावले. मंचाच्या कडेला फुलांच्या माळा लावल्या होत्या आणि माळांच्या आड काटेरी तार होती! अंगरक्षक बायकांनी कपड्यांत लपवलेले मुद्गल बाहेर काढले. होय, मुद्गलच. आपल्या तालमीत फिरवतात ते. इंग्रजांनी ते हिंदुस्थानातून नेले आणि तिकडे ते व्यायामशाळांत रूढ झाले. पँखर्स्टबाईंना त्या दिवशी अटक झालीच. पण हजारोंच्या सभेने पाहिले की बायका पोलिसांच्या दंडुक्यापुढे पळाल्या नाहीत. 1918 साली तिशीपुढच्या काही स्त्रियांना आणि 1928 साली पुरुषांच्या बरोबरीने सर्व स्त्रियांना तिथे मत मिळाले. एडिथबाई 1971 पर्यंत जगल्या.

आधी पडायला शिका

आत्मविश्वास बाळगा, असे भाषणात सांगून आत्मविश्वास येत नाही. तो अंगातून मनात जातो. ज्युदोच्या वर्गात पहिले कित्येक दिवस कोणाला पाडायला शिकवत नाहीत, पडायला शिकवतात. हनुवटी छातीला टेकवायची म्हणजे डोके आपटत नाही, हात सतरंजीवर जोरात आपटायचा म्हणजे धक्का वाटला जातो. शंभर वेळा पडल्यावर शरीराला कळते की पडलो म्हणजे संपलो नाही. पडण्याची भीती गेली की मग माणूस ताठ उभा राहतो. जिगोरो कानो यांनी 1882 साली जपानमध्ये ज्युदोची शाळा काढली तेव्हापासून हा क्रम आहे. त्यांच्याच शिष्या केइको फुकुदा. पाच फुटांहून कमी उंची, वजन पन्नास किलोच्या आत. बाई म्हणून त्यांची वरची श्रेणी कैक वर्षे अडवून ठेवली होती. तरी त्यांनी शिकवणे सोडले नाही, आणि 2011 साली वयाच्या 98 व्या वर्षी अमेरिकेतल्या ज्युदो संघटनेने त्यांना दहावी, म्हणजे सर्वोच्च श्रेणी दिली.

ओरडण्याचेही तसेच आहे. घाबरलेला माणूस नकळत श्वास रोखून धरतो. श्वास अडला की हातपाय जड होतात, डोके चालत नाही. मोठ्याने ओरडायचे तर श्वास सोडावाच लागतो, आणि श्वास सुटला की अंगही सुटते. शिवाय समोरच्याचा हिशेब चुकतो, कारण त्याने गप्प बसणारी मुलगी निवडलेली असते. मनगट कोणी पकडले तर त्याच्या अंगठ्याच्या दिशेने झटका द्यायचा, कारण पकड तिथेच उघडी असते. मूठ चुकीची वळली तर आपलेच बोट दुखावते, म्हणून तळहाताच्या खालच्या कठीण भागाने मारायचे. हे सगळे सोपे आहे. पण आठवड्यातून दोनदा याप्रमाणे दोन-तीन महिने घोटले तरच ऐन वेळी आठवते. म्हणून एक दिवसाच्या शिबिरातून शिकण्याची इच्छा निर्माण होईल, तयारी होणार नाही. फोटो, हार, पाहुण्यांची भाषणे आणि उरलेल्या अर्ध्या तासात प्रशिक्षण, असली शिबिरे तर न घेतलेली बरी. पोरींना वाटते आपल्याला येते, आणि येत काहीच नसते.

अंग थिजते तेव्हा

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख कुणाच्या तरी घरात दुखावेल. प्रसंग ओढवला आणि मुलगी ओरडली नाही, लढली नाही, म्हणून तिचा दोष होत नाही. अतिभयाने अंग थिजणे ही शरीराची आपोआप होणारी क्रिया आहे. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या एका रुग्णालयात बलात्कारानंतर आलेल्या 298 स्त्रियांची पाहणी झाली आणि ती 2017 साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी 70 टक्के स्त्रियांनी सांगितले की त्या वेळी अंग बऱ्याच प्रमाणात थिजले होते, आणि 48 टक्क्यांच्या बाबतीत तर ते पराकोटीचे होते. हलायचे होते, हलता आले नाही. अशा स्त्रियांना पुढे मानसिक त्रासही जास्त झाला. त्यांच्या त्रासात "तू ओरडलीस का नाहीस?" या प्रश्नाने भर घालण्याचे पाप आपल्या घरात तरी होऊ नये. लेक सांगायला आली तर पहिले वाक्य एकच: "तू सांगितलेस ते बरे केलेस." शिकणे हे पुढच्या वेळी एक वाट जास्त असावी म्हणून आहे, मागच्या वेळचा हिशेब मागण्यासाठी नाही.

मान वर करून चालणे हा आपल्याकडे नुसता व्यायामाचा विषय कधी नव्हता. डिसेंबर 1927 मध्ये महाडला परिषद झाली, तेव्हा बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. जातीची खूण सांगणारे दागिने आणि लुगडे नेसण्याची जुनी रीत सोडा, असे त्यांनी सांगितले. आणि तिथल्या स्त्रियांनी लगेच घोट्यापर्यंत लुगडे नेसायला सुरुवात केली, असे चरित्रकार लिहितात. वरवर पाहता ही नेसण्याची गोष्ट. पण ज्या बाईला लांबूनच ओळखून "बाजूला हो" म्हणण्याची गावाला सवय होती, तिच्या चालण्यात त्या दिवशी फरक पडला असेल की नाही?

पण मनोधैर्य म्हणजे सर्व काही, असे आम्ही म्हणणार नाही. 29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला जे घडले ते वाचकांना सांगायला नको. त्या माउलीकडे धैर्य कमी नव्हते. ज्या गावात राहायचे त्याच गावच्या लोकांविरुद्ध पोलिसांपुढे बोलायची हिंमत तिने दाखवली होती. जमाव चालून येतो तिथे एकट्या बाईचा कुठला डाव चालणार? तिथे वेळेवर येणारे पोलीस लागतात, 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा कागदावरून खाली उतरावा लागतो, आणि गावातल्या चार घरांमागे उभी राहणारी संघटना लागते. स्वसंरक्षणाचा वर्ग हा या गोष्टींना पर्याय नाही. पुढाऱ्यांनी मुलींना कराटे शिकवून आपली जबाबदारी झटकू नये.

कायदा आपल्या बाजूने

मनातली आणखी एक भीती असते. मारले आणि त्याला लागले तर आपल्यावरच केस होईल का? स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या शरीराचे रक्षण करण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम 96 ते 106 मध्ये होता. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम 34 ते 44 मध्ये तो आहे. बलात्कार, अपहरण, ॲसिड फेकणे, जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल असा हल्ला, अशा प्रसंगी बचाव करताना हल्लेखोराचा जीव गेला तरी तो कलम 38 नुसार या हक्कात बसू शकतो. मर्यादा कलम 37 मध्ये आहे. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. तो पळून गेल्यावर मागे धावून मारणे हा बचाव होत नाही. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. "आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर ऐकून परत फिरू नये. तातडीला 112 आणि मुलांसाठी 1098 हे क्रमांक शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला पाठ असावेत.

वर्ग निवडताना आईने स्वतः एक दिवस जाऊन बसावे. बसू देत नसतील तर तो वर्ग सोडावा. शिक्षक मुलींना ओरडायला लावतो की नुसत्या कवायती घेतो, हे पाहावे. जोडीचा सराव करताना एखादी मुलगी "मला यांच्याबरोबर नको" म्हणाली तर तो ऐकतो की रागावतो, हेही पाहावे. जो आपल्याच वर्गात "नाही" ऐकून घेत नाही, तो बाहेर "नाही" म्हणायला काय शिकवणार! फी परवडत नसेल तर महिला मंडळाने सभागृह किंवा शाळेचे मैदान मिळवावे आणि पाच-सात घरांनी मिळून शिकवणारी बोलवावी. सरकारी शाळांत मुलींसाठी तीन महिन्यांच्या स्वसंरक्षण प्रशिक्षणाची योजना आहे. आपल्या मुलीच्या शाळेत ते झाले का, हे पालक सभेत विचारायला काहीच हरकत नाही. मुलग्यांनाही पाठवावे, पण त्यांना पहिला धडा हात आवरण्याचा हवा. चांगला वस्ताद पोराला तालमीबाहेर भांडण केल्याचे कळले तर आठवडाभर मातीत उतरू देत नाही.

आणि घरी? रविवारी सगळे घरी असले की धाकट्या भावाला समोर उभे करा, उशी हातात द्या, आणि ताईला म्हणा, पाय रोवून, पोटातून, "मागे हो!" पहिल्यांदा दोघेही हसतील, हसू द्या. चौथ्या-पाचव्या वेळी आवाज फुटेल आणि शेजारच्या काकू दारात येऊन विचारतील, काय झाले हो? त्यांना सांगा, काही नाही, पोरगी अभ्यास करतेय. तुमच्या मुलीलाही पाठवा.